त्या थंडीत मी बोललेलं एक वाक्य

काल शाळेतून परतताना बांधावर दोन मुली भांबुर्डीचा पाला उपटताना दिसल्या आणि माझा डावा हात आपोआप पदराखाली गेला. पाच वर्षं झाली. हात बरा आहे. डाग आता शोधावा लागतो. तरी पोपटीचे दिवस आले की हा हात माझं ऐकत नाही, आपला आपण लपतो.

भात कापल्यावर जमिनीत जी ओल उरते तिच्यावर आमच्याकडे वाल टाकतात. त्याचे लाड कुणी करत नाही. तो दवावर वाढतो आणि संक्रांतीच्या आगेमागे शेंगांनी लगडतो. मग गावात जो भेटेल तो विचारतो, पोपटी कधी? मडक्यात शेंगा, बटाटे, अंडी, ओवा, जाड मीठ घालायचं, तोंडाला भांबुर्डीच्या पाल्याचा बोळा लावायचा, मडकं उपडं करायचं आणि भोवती पेंढा-पातेरा पेटवायचा. त्या पाल्याचा उग्र, थोडा औषधी वास धुरात मिसळतो आणि रेवदंड्यापासून मुरुडपर्यंतच्या वाड्या-वस्त्यांवर महिना दीड महिना रेंगाळतो. सासरी गेलेल्या मुली म्हणतात, त्या वासानं माहेर आठवतं. मला सिस्टर इनेस आठवते.

ती आली त्या वर्षी गणपती नुकतेच उठले होते. वय सत्तावीस. मोझांबिकची, म्हणजे आमच्याच समुद्राच्या पलीकडच्या काठावरची, आफ्रिकेतली. गावाबाहेर मुरुडच्या रस्त्याला सिस्टर लोकांचं बैठं घर आहे. पुढच्या खोलीत दवाखाना, मागे राहायची जागा. तिथल्या दोघी सिस्टर वयानं थकलेल्या, गुडघे गेलेले. घरोघर जाऊन जखमा धुवायला कुणीतरी तरुण हवं होतं, म्हणून हिला एवढ्या लांबून पाठवलेलं. नर्सिंग शिकलेली, पण मराठीचा एक शब्द येत नव्हता. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. मोठ्या सिस्टरनी मला विचारलं, "मंगळवारी आणि शुक्रवारी शाळा सुटल्यावर हिला बोलायला शिकवाल का?" मी हो म्हटलं. परदेशी माणसाला आपण शिकवतोय याचा थोडा तोराही होता मला, खोटं कशाला बोलू.

पहिल्या दिवशी मी घरातल्या वस्तू दाखवत गेले. चावी म्हटलं तर ती दचकली. बादली म्हटलं तर हसायला लागली. साबण, पाव, बटाटा... शेवटी तिनं तोंडावर हात ठेवला. हे सगळे तिच्या घरचे शब्द होते. आमच्या किनाऱ्यावर पोर्तुगीज आले, गेले, शब्द इथेच विसरले. तेच लोक तिच्याही किनाऱ्यावर गेले होते. अनोळखी लग्नघरात एकदम मावशी भेटावी तसा तिचा चेहरा झाला. मग तिनं वही उघडली आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाली, आधी मला एकच वाक्य हवं, रोज लागणारं. ते वाक्य होतं, "कुठे दुखतं?"

तिचा दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा. प्रार्थना, मग अंगण झाडणं, मग मोठ्या पातेल्यात चिमटे-कात्र्या उकळणं. आठ वाजता करड्या झग्यावर कापडी पिशवी अडकवून, पायात रबरी सपाता घालून ती निघायची. आधी कोळीवाडा, कारण होड्या आलेल्या असायच्या आणि कोळंबी सोलून सोलून बायकांची बोटं फाटलेली असायची. मग आमची आळी. मग टेकडीवरची आदिवासी वाडी. दुपारी भात आणि सुकटीची चटणी. सुकट तिला आमच्यापेक्षा जास्त आवडायची. म्हणायची, "माझा आईचा घर पण असाच वास." मी सुधारायची, "माझ्या आईचं घर." ती तीनदा म्हणायची आणि चौथ्यांदा परत तेच चुकायची.

मुरुडच्या एसटीत कंडक्टर तिच्याशी सरळ मराठीत बोलायचा, कारण मुरुड-जंजिऱ्याकडे मूळची आफ्रिकेतली सिद्दी घराणी आहेत, आणि ही त्यांच्यातलीच कुणी असं त्याला वाटायचं. तिला त्याचा केवढा आनंद! "बाई, तो मला विचारला, सुट्टे आहेत का. मला! जशी मी इथली." रविवारी दुपारी ती जेट्टीच्या टोकाला जाऊन उभी राहायची, तिथेच फोनला रेंज यायची. तिकडे तेव्हा सकाळ असायची आणि तिची आई चर्चला निघालेली असायची. फोन झाल्यावर ती बराच वेळ तशीच समुद्राकडे बघत उभी असायची. मी लांबून पाहायची आणि मनात यायचं, मला मुलगी असती आणि ती अशी लांब गेली असती तर?

गावात कुजबुज झालीच. ही धर्म बदलायला आलीय की काय? चावडीवर दोन-तीन जण तसं बोललेही. पण लोक तिला रोज बघत होते. ती जमिनीवर बसायची आणि समोरच्याचा पाय सरळ आपल्या मांडीवर घ्यायची. देवाधर्माचं कुणाशी बोलायची नाही. आमच्या शेजारच्या हिराआजीनं एकदा मुद्दाम खोडी काढली. हिराआजी म्हणजे माझी शेजारीण रंजना, तिची सासू. माहेर पेणकडचं, मिठागरावर अनवाणी राबून पाय भेगाळलेले, त्यात साखरेचा आजार. टाचेला जखम झाली होती ती भरतच नव्हती. इनेस रोज सकाळी ती धुवायला यायची.

"काय गो इनासबाय," हिराआजी म्हणाली, "तुझा देव तुला काय सांगतं?"

इनेसनं पट्टी गुंडाळता गुंडाळता सांगितलं, "सांगतो, हिराआजी चोरून गूळ खाते. तिला ओरड."

आळीभर हशा पिकला. त्यानंतर चावडीवरचं बोलणंही विरलं. संक्रांत जवळ आली तोवर हिराआजीच्या टाचेची जखम पावलीएवढी उरली होती.

मग ती पोपटी आली.

रविवार होता. रंजनाच्या शेतात आम्ही पंधरा-वीस जण जमलो होतो. दिवस अजून हातभर वर होता, खाडीवरून गार वारा सुटला होता आणि जाळ चांगला पेटला होता. इनेसची ही पहिलीच पोपटी. ती सगळं विचारत होती आणि वहीत लिहीत होती. रंजनाच्या नवऱ्यानं मडक्यावर पाणी शिंपडलं, चर्र झालं, म्हणजे शेंगा शिजल्या. त्यानं काठीनं मडकं कलतं केलं, ते घसरलं आणि मी डाव्या हातानं सावरलं. सावरलं आणि धरूनच ठेवलं. मी इनेसला 'खरपूस' म्हणजे काय ते समजावत होते. छान समजावत होते. बोलता बोलता मला मांस जळल्याचा वास आला, आणि मनात आलं, अरे, आज कोंबडीही टाकली वाटतं मडक्यात.

"हात काढ!" इनेस ओरडली. "काढ हात!"

ती मला कायम 'तुम्ही' म्हणायची. त्या 'काढ'नंच मी आधी दचकले, मग खाली पाहिलं. करंगळीखालची तळव्याची कड पांढरी पडली होती आणि कातडं मडक्याला चिकटून निघालं होतं. रंजना म्हणाली, "बाई, चटका बसला न्हाय काय तुमाला?"

"खडू धरून धरून हात निबर झालाय," मी म्हटलं. सगळे हसले. मीही हसले. इनेस हसली नाही. ती माझ्या हाताकडे बघत नव्हती, कोपराकडे बघत होती. तिथे रुपयाएवढा फिकट चट्टा होता, दोन वर्षांपासूनचा. शिबं असेल म्हणून मी त्यावर लिंबू चोळायची.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तिनं मला दवाखान्याच्या ओट्यावर खुर्चीत बसवलं. जखमेला मलम लावलं. मग म्हणाली, "डोळे मिटा, बाई. मी हात लावते. जिथे लागते, तिथे तुम्ही बोट ठेवा."

मी डोळे मिटले. रस्त्यानं मुरुडची एसटी गेली. कुठेतरी कोयत्यानं शहाळं सोलल्याचा आवाज येत होता. उन्हाची तिरीप पायावर आली होती, ती छान लागत होती. मी वाट बघत होते. बराच वेळ झाला तसं मी म्हटलं, "करा ना सुरू."

मी डोळे उघडले. माझ्या हातावर, त्या चट्ट्यावर आणि खाली करंगळीपर्यंत, निळ्या पेनाचे सात ठिपके होते.

त्या क्षणाचं मला आजही नीट सांगता येत नाही. माझाच हात. त्यावर कुणीतरी सात वेळा टेकून गेलं होतं आणि मला पत्ता नव्हता. घरात आपण बसलेले असताना कुणी आत येऊन, फिरून, परत जावं तसं. मी अंगठ्यानं ते ठिपके पुसायला लागले. पुसताना अंगठ्याला हात लागत होता, हाताला अंगठा लागत नव्हता.

"दुखत नाही, तेच वाईट," इनेस म्हणाली. मग वही उघडून, आधीच लिहून ठेवलेला शब्द तिनं हळूहळू वाचला. "कुष्ठरोग."

हा शब्द मी फळ्यावर कितीदा लिहिलेला आहे. 'हा आजार औषधाने पूर्ण बरा होतो' हे मुलांकडून घोकून घेतलेलं आहे. त्या खुर्चीत मला त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. आठवला तो लहानपणी जत्रेत पाहिलेला, कटोरा पुढे करणारा, बोटं नसलेला हात. आणि आमच्या घरातला जुना शब्द, जो आई उच्चारतही नसे: महारोग.

इनेसनं माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, "माझे बाबांना होता. मासे धरायचे. फार उशीर झाला, बोटं गेली. पण बरे झाले. तुम्हाला उशीर नाही. सहा महिने गोळ्या, मग संपलं. अलिबागला सरकारी दवाखाना, तिथे फुकट. मी येते बरोबर." मग म्हणाली, "बाबांचं मी इथे कुणाला सांगितलं नाही, बाई. फक्त तुम्हाला."

मी घरी कशी आले ते आठवत नाही. एवढं आठवतं की दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर रंजना भेटली. तिनं माझ्या हाताच्या पट्टीकडे पाहिलं. मग तिची नजर वर सरकली, कोपराकडे, निदान मला तसं वाटलं. "हात कसा हाय, बाई? इनासबाय काय बोलली?"

आणि मी बोलले. मुद्दाम ठरवून नाही. पण शुद्धीत होते, शब्द नीट निवडले होते. म्हटलं, "त्या सिस्टरला घरात घेत जाऊ नकोस, रंजना. तिच्या बापाला महारोग होता. अशा घरातली बाई, सगळ्यांना हात लावत फिरते."

रंजनाच्या हातातली कळशी भरून वाहायला लागली तरी तिनं नळ बंद केला नाही. माझ्या कोपराचं तिला आता काही पडलेलं नव्हतं.

शनिवार आला तोवर आमच्या आळीतलं एकही दार इनेससाठी उघडत नव्हतं. कोळीवाड्यात बायका तिला बघून टोपल्या उचलून चालायला लागल्या. एसटीत तिच्या शेजारची जागा रिकामी राहायला लागली. ती रोज आठ वाजता पिशवी अडकवून निघायची, दारं बंद बघत टेकडीवर जायची आणि परत यायची. आदिवासी वाडीनं मात्र तिला येऊ दिलं. त्यांना आमच्या नळावरचं बोलणं पोचलं नसेल, किंवा पोचूनही त्यांनी मनावर घेतलं नसेल.

मंगळवारी ती नेहमीसारखी वही घेऊन माझ्या दारात उभी राहिली. मी उंबऱ्याच्या आत, ती बाहेर. मला वाटलं, आता विचारेल. कारण बापाचं फक्त मला ठाऊक होतं. तिला कळलेलं असणारच.

"बाई," ती म्हणाली, "वाळूत टाकणे म्हणजे काय? समुद्रावर नेतात का?"

"वाळूत?"

"लोक माझ्या पाठी बोलतात. वाळूत टाकली."

"वाळीत," मी म्हटलं. माझा आवाज मला परका वाटला. "वाळीत टाकणे. म्हणजे... एखाद्याशी कुणी बोलायचं नाही. त्याच्या घरी जायचं नाही. त्याला बोलवायचं नाही."

तिनं ते उभ्याउभ्याच वहीत लिहून घेतलं. 'वा'ला काना, 'ळी' दीर्घ. मग वही मिटून म्हणाली, "गुरुवारी नऊची एसटी. अलिबाग. मी स्टॉपवर थांबते." आणि गेली.

तिला एका वाक्यात सुटता आलं असतं. चावडीवर जाऊन म्हणायचं, रोग माझ्या अंगावर नाही, तुमच्या शाळेच्या बाईंच्या अंगावर आहे, बघा तिचा हात. ते वाक्य मी रोज, पावलोपावली ऐकायची वाट बघत होते. वर्गात मुलं पाढे म्हणत असायची आणि माझे कान दाराकडे असायचे. ते वाक्य आलं नाही.

गुरुवारी मी नवऱ्याला सांगितलं. सांगावंच लागलं, कारण त्याच्याशिवाय अलिबागला जायची मला हिंमत होईना. तो उठून स्वयंपाकघरात गेला, माझा चहाचा कप उचलला आणि वेगळ्या फळीवर ठेवला. इतकं शांतपणे केलं की मला ओरडताही आलं नाही. सोळा वर्षांचा संसार. मग म्हणाला, "चल." स्टॉपवर इनेस होती. आम्ही तिघं एका एसटीत, तीन वेगवेगळ्या बाकांवर बसून गेलो.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून तेच सांगितलं जे इनेसनं सांगितलं होतं. गोळ्यांचं पाकीट दिलं, पहिल्या गोळ्या समोर घ्यायला लावल्या. नवऱ्याला म्हणाल्या, "औषध सुरू झालं, आता यांच्यापासून कुणाला भीती नाही. लघवी लाल होईल, घाबरू नका." परतताना एसटीत तो माझ्या बाकावर येऊन बसला. मी शेंगदाण्याची पुडी सोडली होती. त्यानं माझ्या डाव्या तळव्यावरचे दाणे उचलून खाल्ले. मग खिडकीबाहेर बघत राहिला, आणि मी त्याच्या डोळ्यांकडे बघायचं टाळलं.

एवढं होऊनही मी गावात गप्पच होते. एक दिवस गेला, चार गेले, पंधरा गेले. गप्प राहायची सवय किती लवकर लागते याचा मला आजही धक्का बसतो. सकाळी गोळी घ्यायची, डबा भरायचा, परिपाठाला 'खरा तो एकची धर्म' छापाचं काहीतरी मुलांना समजावायचं आणि खिडकीतून इनेस एकटी टेकडी चढताना बघायची.

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी माझ्याकडे हळदीकुंकू होतं. आळीतल्या सगळ्या बायका आल्या. मी प्रत्येकीच्या कपाळाला कुंकू लावत होते, हातात तिळगूळ ठेवत होते. रंजना उशिरा आली. मी कुंकवाचं बोट पुढे केलं तेव्हा माझ्या कानाशी म्हणाली, "बाई, सासूचा पाय बघायला येशाल काय? टाच पुरी काली परलीय. वास येतंय. घरात बसवत न्हाय."

"पट्टी कोण बदलतं?"

"कोन बदलनार? तिला तं घरात घेत न्हाय. तुमीच सांगितलावता ना."

शेवटचे तीन शब्द तिनं अगदी सहज म्हटले, उपकार मानल्यासारखे. माझं बोट तिच्या कपाळावर तसंच राहिलं. तीन आठवडे. रोज धुतली जाणारी जखम तीन आठवडे कुणी उघडून पाहिली नव्हती.

मी पदर बाजूला केला आणि बाही वर केली. म्हटलं, "सगळ्याजणी ऐका. कुष्ठरोग मला झालाय. हा बघा. सिस्टरला काहीही झालेलं नाही. तिनं माझा आजार ओळखला, मला अलिबागला नेलं. तिला आत्ताच्या आत्ता बोलवून आणा, हिराआजीचा पाय जातोय."

वाटीतला एक लाडू घरंगळत दारापर्यंत गेला, तो कुणी उचलला नाही. दोघी-तिघी कपाळावरचं कुंकू पुसत उठल्या. खरंच पुसत होत्या, पदरानं, घासून. एक बाई माझ्या डोळ्यांत बघत रडायला लागली. रंजना मात्र जागची हलली नव्हती. मग एकदम वळली आणि अनवाणी पळत सुटली, दवाखान्याच्या दिशेनं.

इनेस आली. त्या घरात तीन आठवड्यांनी पाऊल टाकलं तिनं. कुणाला काही विचारलं नाही, जमिनीवर बसली, पाय मांडीवर घेतला. पट्टी सोडताना तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. वर बघून एवढंच म्हणाली, "गाडी. आत्ता." माझ्या नवऱ्यानं कुणाची तरी जीप आणली. मी आणि इनेस मागे बसलो, हिराआजीचं डोकं माझ्या मांडीवर आणि पाय तिच्या. हिराआजी तापात बरळत होती, "इनासबाय, तू का येत नव्हतीस गो? गूल न्हाय खाल्ला मी, शप्पत." इनेस खिडकीकडे तोंड करून रडली. मी तिला रडताना पहिल्यांदा पाहिलं.

पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

पुढचं सांगायला मला सगळ्यात जड जातं. मी गावात मोठी झाले. बाईंनी धाडस केलं, चारचौघींत बाही वर करून सांगितलं, शिकलेलं माणूस असं असतं. केंद्रप्रमुखांनी बैठकीत माझं कौतुक केलं. शाळेत दोन पालकांनी मुलं काढून नेली होती, तीही आठवड्यानं परत आणून सोडली. इनेससाठी दारं उघडली, सगळी नाही, पण बरीच. आणि नळावरचं ते वाक्य कुणाचं होतं याचा कुणी उच्चार केला नाही. रंजनानंही नाही. मला वाटलं, गोंधळात विसरली असेल. मी स्वतःहून आठवण करून दिली नाही. अर्धं सांगून पुऱ्याचं श्रेय घेतलं.

त्या वर्षी उन्हाळा संपता संपता इनेसची इथे राहायची मुदत संपली. कागद पुढे सरकले नाहीत, एवढंच कळलं. जायच्या आधी ती माझ्याकडे शेवटचा धडा घ्यायला आली. धडा राहिला बाजूला, मी तिच्यापुढे हात जोडले. म्हटलं, "ते मी बोलले होते. नळावर. तुम्हाला माहीत होतं."

"हो," ती म्हणाली.

"मग माझं नाव का सांगितलं नाहीत?"

तिला प्रश्नच कळला नाही असं मला आधी वाटलं. मग ती म्हणाली, "तुम्ही पेशंट. पेशंटचं कसं सांगायचं?" जरा वेळानं, शब्द शोधत म्हणाली, "मला राग आला होता, बाई. खूप. माझे बाबा... मी तुम्हाला दिले, तुम्ही त्यांना रस्त्यावर टाकले. मी रोज प्रार्थनेत भांडायची." तिनं वहीची कड बोटानं दाबली. "आता राग थोडा आहे. जाईल. पण मला नका सांगू. हिराआजीला सांगा."

मी हो म्हटलं. ती गेली. आता तिच्याच देशात, उत्तरेकडच्या कुठल्याशा गावात दवाखाना चालवते. नाताळला तिचा मेसेज येतो, अजूनही मराठीत, अजूनही चुकीचा. मी उत्तर पाठवते. 'हिराआजी?' असं ती दर वेळी विचारते. मी लिहिते, 'बऱ्या आहेत.' ती काय विचारतेय हे मला कळतं.

पाच वर्षं मी रोज शाळा सुटल्यावर हिराआजीकडे जाऊन बसते. रंजना आता सकाळी रेवदंड्याला कामाला जाते, म्हातारी दिवसभर ओटीवर प्लॅस्टिकच्या खुर्चीत असते. मी तिची नखं काढते, साखर तपासते, गोळ्या मोजून डबीत भरते. गाव म्हणतं, पोटची लेक करणार नाही एवढं बाई करतात. दर वेळी उंबरा ओलांडताना मी ठरवते, आज सांगायचं. दर वेळी चपला घालताना म्हणते, उद्या.

काल मात्र त्या दोन मुली बघितल्यावर मी घरी न जाता तशीच तिच्याकडे गेले. पिशवी खाली ठेवली, तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सांगितलं. नळ, कळशी, माझे शब्द, सगळं. मधे थांबले असते तर पुन्हा जमलं नसतं, म्हणून थांबले नाही. सांगून झाल्यावर मान वर करायची हिंमत होईना. तिच्या लुगड्याचा काठ आणि खाली एकच पाऊल, एवढंच दिसत होतं.

"ठाव हाय मना," हिराआजी म्हणाली.

मी वर पाहिलं.

"रंजनानं तवाच सांगितला, दवाखान्यात. मीच तिला बोलले, गप ऱ्हा, बाई आपून सांगल." तिचा आवाज कोरडा होता. "आज सांगल, उद्या सांगल. पाच वर्सं काय कमी झाली? पयल्या वर्सी तं तू आलीस का तुझा तोंड बघवत नसं मना. तुझ्या हातची गोली तोंडात धरून मागनं थुकली हाय मी."

खाडीकडून गार वारा येत होता. शेजारच्या अंगणात कुणीतरी पेंढा ओढून आणत होतं.

"मग आता?" मी कसंबसं विचारलं.

"आता काय? पाय काय उगवनार हाय?" मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललं, आणि पाच वर्षांत पहिल्यांदा तिनं मला भीत भीत विचारलं, "सांगून झाला तुझा. आता उद्यापासून यायची न्हायस काय?"

"येईन," मी म्हटलं.

"रईवार हाय उद्या. शाला न्हाय."

"तरी येईन."

हिराआजीनं खुर्चीचे हात धरून अंग सावरलं आणि रस्त्याकडे बघत म्हणाली, "मंग सकाली ये. पानी तापवून ठेव. सून घाईघाईत न्हाऊ घालतं, पाठ कोरडीच ऱ्हाते माझी."